फासा मुलाच्या हातात, आकडा कोणाच्या?



प्रश्नपत्रिका काढायची म्हटलं की आपण आधी संविधान तक्ता घेऊन बसतो. त्यात एक रकाना काठिण्यपातळीचा असतो. सोपे, मध्यम, कठीण. हात इतका बसलेला असतो की रकाना भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण 'मध्यम' म्हणजे नेमकं कोणासाठी मध्यम? मला हा प्रश्न नीट उलगडला तो एका खेळामुळे. त्या खेळाविषयी, त्यातल्या फाशांच्या गणिताविषयी आणि चौथीच्या वर्गात त्याचं काय झालं याविषयी आज लिहिते.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो वेगवेगळ्या आकारांच्या फाशांची एक पिशवी घेऊन आला. चार बाजूंचा, सहा बाजूंचा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा फासा. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित झाला. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात हे फासे तिकडे शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीकडून घेतले जात. म्हणजे ते मूळचे गणिताच्या तासाचे!

या खेळात सोंगट्या आणि पट नसला तरी चालतं. एक जण गोष्ट सांगतो. तिकडे त्याला डंजन मास्टर म्हणतात, मी आपली सूत्रधार म्हणते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. सूत्रधार म्हणतो, "समोर उंच भिंत आहे." खेळाडू म्हणतो, "मी चढतो." चढता येईल की नाही हे कोणालाच माहीत नाही, म्हणून सूत्रधार मनाशी एक आकडा ठरवतो. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवतो. बेरीज त्या आकड्याएवढी किंवा जास्त आली तर जमलं, नाहीतर नाही. याला स्किल चेक म्हणतात. आपण कौशल्य-चाचणी म्हणू.

आता गंमत बघा. या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सूत्रधारासाठी चक्क काठिण्यपातळीचा तक्ता दिलेला आहे. अतिसोपे ५, सोपे १०, मध्यम १५, कठीण २०, अतिकठीण २५ आणि जवळपास अशक्य ३०. आपल्या संविधान तक्त्याचा हा सख्खा भाऊच! फरक एवढाच की इथे शब्दापुढे आकडा आहे, त्यामुळे शब्दाची परीक्षा घेता येते.

चला, घेऊ या. काम 'सोपे', आकडा १०. ज्याच्याकडे ते कौशल्यच नाही, त्याला फाशावर १० किंवा जास्त पडायला हवेत. १० ते २० म्हणजे अकरा बाजू. २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के. काम सोपे म्हणायचे आणि शंभरातले ४५ वेळा जमणार नाही! 'मध्यम' काम त्याला २० पैकी ६ वेळा, म्हणजे ३० टक्के जमेल. 'कठीण' काम तर वीस पडले तरच.

आता दुसरं पात्र घ्या. नवखंच, पण त्या कामात तरबेज. त्याला ५ जास्तीचे गुण मिळतात. त्याला 'सोपे' काम ८० टक्के, 'मध्यम' ५५ टक्के आणि 'कठीण' ३० टक्के जमतं. नीट बघा, एकाचं 'मध्यम' म्हणजे दुसऱ्याचं 'कठीण'. दोघांनाही ३० टक्केच. आणि ज्याचा गुण उणे १ आहे, त्याला फाशावर २० पडले तरी बेरीज १९ च. 'कठीण' हा शब्द त्याच्यासाठी 'अशक्य' आहे, पण तक्त्यात तसं कुठे लिहिलेलं नाही.

मला इथेच थबकायला झालं. काठिण्य हे एकट्या प्रश्नात नसतं. प्रश्न आणि मूल समोरासमोर आले की मग ते तयार होतं.

वर्गात हा खेळ न्यायचा तर वीस बाजूंचे फासे कुठून आणणार? पण सापशिडीचे साधे फासे प्रत्येक घरात असतात. म्हणून मी दोन साधे फासे घेऊन बेरजेचा खेळ केला. आणि दोन फाशांचं गणित एका फाशाहून वेगळं असतं.

एका फाशावर प्रत्येक बाजू सारखीच. वीस बाजूंच्या फाशावर एक गुण वाढला की संधी ५ टक्क्यांनी वाढते, आकडा खालचा असो की वरचा. दोन फाशांचं तसं नाही. ७ ही बेरीज सहा प्रकारे येते (१-६, २-५, ३-४ आणि उलट), पण १२ एकाच प्रकारे येते. एकूण प्रकार ३६. मुलांनी वहीत सहा गुणिले सहाचा चौकोन आखून सगळ्या बेरजा भरल्या आणि मोजल्या. आपल्याकडे संभाव्यता दहावीला येते, नमुना अवकाश वगैरे शब्द तेव्हाच. पण ३६ घरं मोजायला चौथीच्या मुलांना काहीच अडचण येत नाही. बेरजेचा सराव होतो तो वेगळाच! आमचा तक्ता असा झाला:

किमान ५ हवे – ३६ पैकी ३० वेळा
किमान ६ हवे – २६ वेळा
किमान ७ हवे – २१ वेळा
किमान ८ हवे – १५ वेळा
किमान ९ हवे – १० वेळा
किमान १० हवे – ६ वेळा
किमान ११ हवे – ३ वेळा
किमान १२ हवे – १ वेळ

आता या तक्त्यातून काय दिसतं? ज्याला ८ हवे होते त्याला एक गुण जास्त दिला की १५ चे २१ होतात. ज्याला १२ हवे होते त्याला तोच एक गुण दिला तर १ चे ३ होतात. मधल्याला सहा घरं मिळाली, टोकाच्याला दोनच. एक गुण सगळ्यांना सारखा दिला, पण सारखा मिळाला नाही.

चौथीच्या मुलांना गोष्ट कोणती द्यायची यावर मला फार विचार करावा लागला नाही. रायगडाची हिरकणी त्यांना पाठ आहे. दूध घालायला गडावर आलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. लोककथाच आहे ती, पण मुलांना त्या कड्याची भीती खरी वाटते. मी विचारलं, "हा कडा उतरायला कितीचा आकडा ठेवायचा?"

सगळ्यांनी एकदम ओरडून बारा सांगितले. मग आम्ही फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे कड्याचं, उजवीकडे हिरकणीचं. जे कड्यामुळे अवघड आहे ते डावीकडे, म्हणजे आकड्यात. जे हिरकणीकडे आहे ते उजवीकडे, म्हणजे तिच्या गुणांत. कड्याचे ९, रात्र आहे म्हणून २, पाय ठेवायला जागा नाही म्हणून २. झाले १३. उजवीकडे रोज गड चढायची सवय, २ गुण. वाट ओळखीची, १ गुण. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तिचं बाळ घरी आहे, त्याचे पण गुण द्या." लगेच दुसऱ्याने अडवलं, "आई असली म्हणून काय फासा मोठा पडतो का?" वर्ग दोन मिनिटं गप्प. शेवटी पाठीमागून उत्तर आलं, "फासा मोठा नाही पडत. पण ती अर्ध्यातून परत नाही फिरणार." त्या उत्तराचे २ गुण आम्ही एकमताने लिहिले.

उजवीकडे ५ झाले. म्हणजे हिरकणीला फाशांवर ८ हवेत, ३६ पैकी १५ वेळा. गडावरच्या दुसऱ्या कोणाला काहीच गुण नसतील तर १३ हवेत, आणि दोन फाशांवर १३ पडतच नाहीत. एकच कडा, एकच रात्र. डावी बाजू सारखी असून उजवी वेगळी. काठिण्यपातळीवर मी ऐकलेल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हे लवकर कळतं.

इथपर्यंत आकडा किती हे पाहिलं. पण फासा किती वेळा टाकायचा हे कोण ठरवतं? समजा सूत्रधार म्हणाला, कडा मोठा आहे, तीन टप्पे करू, तिन्ही वेळा ८ पडले पाहिजेत. आकडा तोच आहे, कोणाला काही बदललेलं वाटत नाही. पण तिन्ही वेळा जमण्याची संधी शंभरात सुमारे ७ वर येते. उलट सूत्रधार म्हणाला, तीनदा प्रयत्न कर, एकदा जमलं तरी पुरे, तर तीच संधी शंभरात सुमारे ८० होते. आकडा ८ च. फासे तेच. फक्त 'तिन्ही' की 'एक तरी', एवढ्यावर ७ चे ८० झाले! पाढा म्हणताना एकदा अडखळला की पुन्हा पहिल्यापासून, हे पहिल्या जातीचं. तीन संधी घे, जमेल तेव्हा सांग, हे दुसऱ्या जातीचं. पाढा मात्र तोच.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगते. मुलांनी स्वतः एक गोष्ट रचली. चार जणांचा गट रात्री पहारेकऱ्यांच्या समोरून चुपचाप गावाबाहेर जाणार. नियमही त्यांनीच केला. प्रत्येकाला किमान ६ हवेत आणि चौघेही सुटले पाहिजेत, एक जरी सापडला तरी सगळे पकडले गेले. सहाच तर हवेत, ३६ पैकी २६ वेळा जमतं, सोपं आहे, असं सगळ्यांचं मत.

पहिल्या गटात तिघे सुटले. चौथी मुलगी एरवी वर्गात फारशी बोलत नाही. तिने फासे टाकले, बेरीज ४. गटातली तिन्ही मुलं तिच्यावर तुटून पडली. "हिच्यामुळे हरलो." "हिला घेऊच नका, हिचा हातच वाईट आहे." आणि ती मुलगी काय म्हणाली माहितीये? "हो मॅडम, माझं नशीबच तसलं आहे." नऊ वर्षांचं लेकरू हे इतक्या सहज म्हणालं की माझ्या पोटात तुटलं. तिला हे वाक्य फाशांनी शिकवलेलं नव्हतं. ते ती कुठूनतरी आधीच घेऊन आली होती.

मी गोष्ट तिथेच थांबवली आणि सगळ्या गटांना तोच नियम देऊन पुन्हा पुन्हा खेळायला सांगितलं. प्रत्येकाने आपलं पडलेलं लिहायचं. बहुतेक फेऱ्यांत कोणीतरी सापडलंच. आणि दरवेळी वेगळंच मूल सापडलं. ओरडणारे तिघेही एकेकदा सापडले. मग आम्ही हिशोब केला. चौथीला टक्केवारी नसते, म्हणून १०० फेऱ्यांची कल्पना केली. पहिला सुमारे ७२ वेळा सुटतो. त्या ७२ पैकी दुसराही सुटतो ते ५२ वेळा. तिसऱ्यापर्यंत उरतात ३८ आणि चौथ्यापर्यंत २७. म्हणजे नियमच असा होता की चारातल्या जवळजवळ तीन वेळा गट हरणारच. कोणाच्या हातून, एवढंच फासे ठरवत होते.

मी मुलांना विचारलं, "मग चूक कोणाच्या हाताची?" थोड्या वेळाने एकाने उत्तर दिलं, "ज्यांनी चौघेही पाहिजेत असं लिहिलं त्यांची." फळ्यावर ते अक्षर त्याचंच होतं.

या खेळाच्या पुस्तकात अशा वेळेसाठी एक साधा नियम आहे. सगळ्या गटाने मिळून एखादी गोष्ट करायची असेल तर निम्म्यांना जमलं तरी गटाला जमलं असं धरायचं. ज्यांना जमतं ते बाकीच्यांना सांभाळून नेतात, असा त्यामागचा विचार. आमच्या गोष्टीत तो नियम लावला, चारापैकी दोघांना जमलं तरी पुरे, आणि २७ चे थेट ९३ झाले. फासे तेच, आकडा ६ च. आणि मुख्य म्हणजे चार पडले तरी कोणी कोणावर ओरडलं नाही. "थांब, मी हात धरतो," असं गोष्टीत बोलायला लागली मुलं.

मदतीचा आणखी एक नियम मला फार आवडतो. मूळ खेळात सोबत्याने मदत केली तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. ज्याला ११ हवेत त्याची संधी ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. ज्याला २० च हवेत त्याची ५ वरून जेमतेम ९.७५ होते. आणि ज्याला २ सुद्धा पुरतात त्याची ९५ वरून ९९.७५. मदतीचा सगळ्यात मोठा फायदा मधल्याला होतो. फार मागे असलेल्या मुलाला फक्त शेजारी बसवून मदत दिली तर ती का पुरत नाही, याचं एक चित्र मला यात दिसलं. त्याच्यासाठी आधी आकडाच खाली आणावा लागतो, मग मदत उपयोगी पडते.

जमलं किंवा नाही जमलं, एवढे दोनच निकाल असले पाहिजेत असंही नाही. २०१० साली व्हिन्सेंट बेकर यांचा अपॉकॅलिप्स वर्ल्ड नावाचा खेळ आला. त्यात दोनच साधे फासे. १० किंवा जास्त आले तर पूर्ण जमलं, ७ ते ९ आले तर जमलं पण काहीतरी किंमत मोजावी लागली, ६ किंवा कमी आले तर संकट. काहीच गुण नसताना ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा मधलं, १५ वेळा संकट. हे मधलं 'जमलं, पण' मला फार मोलाचं वाटतं. उदाहरणाची रीत बरोबर, हातचा चुकला. वाचन अडखळत झालं, पण अर्थ कळला. आपल्या वर्गातली किती मुलं याच घरात बसतात! आपण मात्र पुष्कळदा बरोबर आणि चूक अशी दोनच घरं आखून ठेवतो.

आणि शेवटचा मुद्दा, फासा टाकायचाच कशाला? चांगला सूत्रधार प्रत्येक गोष्टीला फासा मागत नाही. दार उघडंच असेल तर आत जायला फासा नको. न जमल्याने गोष्टीत काहीच फरक पडणार नसेल तरीही नको. जे मूल वाचतंय हे आपण रोज बघतो, त्याची पुन्हा सगळ्यांसमोर परीक्षा घेण्यात काय मिळतं? उगाच टाकलेल्या प्रत्येक फाशाला पडायची एक संधी असतेच.

महाभारतातल्या नळाच्या कथेत तो फाशांपायी राज्य घालवतो. पुढे ऋतुपर्ण राजा त्याला बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता सांगून दाखवतो आणि त्याच्याकडूनच नळ अक्षविद्या शिकतो. फाशाची विद्या आणि मोजण्याची विद्या त्या कथेतसुद्धा एकत्रच येतात. मोजता आलं की नशिबाचा धाक कमी होतो. आमच्या वर्गातली ती मुलगी आता फासे टाकायच्या आधी विचारते, "मॅडम, छत्तिसातले किती?" नशीब हा शब्द तिने कायमचा सोडला असं मी म्हणणार नाही. पण आधी आकडा विचारायचा असतो, एवढं तिला कळलंय.

तुम्हाला हा खेळ घ्यायचा असेल तर साहित्य फक्त दोन फासे, एक वही आणि मुलांना माहीत असलेली कुठलीही गोष्ट. चार गोष्टी सांभाळा. आकडा मनात ठेवू नका, फळ्यावर लिहा. कामाचं डावीकडे आणि मुलाचं उजवीकडे, हे वेगळं ठेवा. किती वेळा टाकायचं आणि कितींना जमायला हवं हे आधी ठरवून मोजा. आणि फासा पडल्यावर गोष्ट थांबू देऊ नका, 'नाही जमलं' च्या पुढे काय झालं ते मुलांनाच सांगू द्या.

पुढच्या चाचणीचा संविधान तक्ता भरताना 'मध्यम' लिहाल, तेव्हा वर्गातल्या दोन मुलांची नावं मनात आणा. एक पुढच्या बाकावरचं, एक मागच्या. दोघांसाठी छत्तिसातले किती, ते बघा. उत्तरपत्रिकेवर नाव मुलाचं असतं, गुणही त्याचेच दिसतात. आकडा ठरवणाऱ्याचं नाव तिथे कुठेच नसतं. म्हणून तो हिशोब आपणच ठेवायचा असतो.